अंग बाहेर येते? लाजू नका, सोसू नका

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. करवीर तालुक्यातल्या एका गावाहून येणाऱ्या आक्का दवाखान्यात आल्या. वय साठीच्या पुढे, घरी दोन म्हशी, थोडा ऊस, कामाला वाघीण. म्हणाल्या, "डाक्टर, खाली जळजळ होतीया, खाज सुटतीया. मागच्यावानी मलम द्या."

मागचे मलम मीच दिले होते. दीड वर्षात तीन वेळा. रक्तातली साखर तपासली होती, ती ठीक होती. म्हणून बुरशीवरचे मलम लिहून मी मोकळा झालो होतो. तपासून मात्र एकदाही पाहिले नव्हते. दवाखान्यात गर्दी, आक्का लाजणार, आणि खरे सांगायचे तर मलाही ते टाळणे सोयीचे होते. त्या दिवशी त्यांना खुर्चीवर नीट टेकता येईना, तेव्हा सिस्टरना बोलावून, पडदा ओढून तपासले. गर्भाशयाचे तोंड आणि योनीची पुढची भिंत लिंबाएवढी बाहेर आलेली. काष्ट्याला घासून घासून तिथे रुपयाएवढी जखम झालेली.

"हे कधीपासून आहे आक्का?"

"धाकटीच्या लग्नापास्नं."

धाकटीच्या लग्नाला अकरा वर्षे झाली होती. मी जरा रागानेच विचारले, "मग इतके दिवस बोलला का नाही?" त्यावर त्या म्हणाल्या, "तुमी कुठं इचारलासा?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणून आजचा लेख.

आपल्याकडे बायका याला 'अंग बाहेर येणे' म्हणतात. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. गर्भाशय, लघवीची पिशवी आणि गुदाशय या झोळीवर टेकलेले असतात. लागोपाठची बाळंतपणे, तासन्‌तास अडलेली प्रसूती, बाळंतपणानंतर आठ दिवसांतच डोक्यावर आलेला वैरणीचा भारा, वर्षानुवर्षांचा बद्धकोष्ठ, चुलीच्या धुराने लागलेला जुनाट खोकला, यांनी ही झोळी सैल होते. पाळी गेल्यावर स्त्रीरसायने कमी होतात आणि उरलासुरला ताणही जातो. मग यातले एखादे अंग खाली घसरते. सकाळी काही वाटत नाही. संध्याकाळी, उभ्याने कामे करून झाल्यावर, खाली काहीतरी ओढल्यासारखे, अडकल्यासारखे वाटते. हा कर्करोग नव्हे आणि त्याचा कर्करोग होतो असेही नाही. कुणाच्या पापाचे फळ तर मुळीच नव्हे.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली ती 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. शंभरातल्या ९२ स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि त्याआधी स्त्रीरोगासाठी तपासणी झालेल्या होत्या शंभरात फक्त आठ. हे आकडे गडचिरोलीचे, आणि तेही सर्व स्त्रीरोगांचे आहेत. पण कोल्हापूरसारख्या सधन, दुधाच्या आणि गुळाच्या जिल्ह्यात परिस्थिती फार वेगळी असेल, असे माझा दवाखाना तरी मला सांगत नाही. आमच्याकडे मोटारसायकली वाढल्या, बायकांचे मौन तेवढेच राहिले.

आता रोजच्या त्रासाबद्दल. लोकांचा समज असा की, याला एक ऑपरेशन, नाहीतर मग सोसणे. दोन्हींच्या मध्ये करण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते कुणी सांगत नाही.

जळजळ का होते ते आधी समजून घ्या. जे अंग आत ओलसर राहायचे ते बाहेर येऊन कोरडे पडते आणि कापडावर घासते. त्यात थेंब थेंब लघवी गळत असेल तर कातडी सोलवटते. बायका यावर काय काय करतात ते ऐकून अंगावर काटा येतो. डेटॉलचे पाणी, तुरटी, हळद, कपड्याच्या साबणाने खसाखसा धुणे. काहीजणी आत कापडाचा बोळा घालतात आणि तो काढायचा विसरतात. असा सडलेला बोळा मी काढलेला आहे. यातले काहीही करू नका. लघवीनंतर साध्या थंड पाण्याने धुवावे, मऊ सुती फडक्याने न घासता टिपून कोरडे करावे. बाहेरच्या कातडीला साधे पांढरे व्हॅसलीन किंवा खोबरेल तेलाचा पातळ हात लावला की लघवी कातडीला झोंबत नाही. नऊवारी नेसणाऱ्यांनी आत सुती, सैल पण आधार देणारी चड्डी घालावी. काष्टा थेट अंगावर घासू देऊ नये. ती घालण्याआधी आडवे पडून, हात स्वच्छ धुऊन, बाहेर आलेला भाग हलकेच आत सारावा. भिऊ नका, तो तुमच्याच शरीराचा भाग आहे. पण सहज जात नसेल तर जोर लावू नका.

दुपारी अर्धा तास कमरेखाली उशी घेऊन पडावे. या सल्ल्यावर बायका हसतात. "दुपारी पडायचं? आन्‌ म्हशीचं कोण बघणार?" हा प्रश्न मी त्यांच्या मालकांकडे पाठवतो.

लघवी गळते म्हणून पाणीच न पिणे हा आणखी एक घातक उपाय. पाणी कमी पडले की लघवी तीव्र होऊन जास्त झोंबते आणि शौचाला खडा होतो. शौचाला कुंथण्याइतके या दुखण्याला वाईट काही नाही. पालेभाजी, पपई, भरडधान्याची भाकरी, गरज पडली तर इसबगोल. काहीही करा, पण कुंथू नका. लघवी झाल्यावर लगेच उठू नका. मिनिटभर थांबून, थोडे पुढे वाकून पुन्हा प्रयत्न करा, राहिलेली लघवी बाहेर पडते. जुना खोकला असेल तर त्याचे औषध घ्या. भारा आणि घागर टाळणे शक्य नसेल तर निदान दोन खेपा करा, आणि उचलताना श्वास कोंडू नका.

एक व्यायाम आहे. अमेरिकेतील डॉ. केगेल यांनी १९४८ साली तो मांडला. वारा सरताना आपण जसे आवरून धरतो तसे ते स्नायू आत-वर ओढायचे, पाच-सहा आकडे मोजेपर्यंत धरायचे, तेवढाच वेळ सैल सोडायचे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट आणि मांड्या ताणायच्या नाहीत, श्वास चालू ठेवायचा. एस.टी.त बसून करता येतो, भाकरी थापताना करता येतो, शेजारणीला कळतसुद्धा नाही. फरक पडायला तीन-चार महिने लागतात. अंग थोडेच खाली आले असेल तर याने ओढ आणि लघवी गळणे बरेच कमी होते. पार बाहेर आलेले अंग मात्र नुसत्या व्यायामाने परत जात नाही, हेही सांगितले पाहिजे.

पाळी गेलेल्या बायकांसाठी योनीत लावायचे इस्ट्रोजेनचे मलम मिळते. त्याने नाजूक झालेले अस्तर सुधारते, कोरडेपणा व जळजळ कमी होते. हे डॉक्टरांनी तपासूनच द्यायचे आहे. स्तनाचा कर्करोग झालेला असेल किंवा पाळी गेल्यानंतर रक्त जात असेल, तर ते आधी सांगा.

आणि आता रिंग. हा उपाय आपण डॉक्टर मंडळींनी उगाच अडगळीत टाकला आहे. ही कल्पना फार जुनी. प्राचीन ग्रीक काळात यासाठी डाळिंबाची अर्धी फोड वापरत. आज मऊ सिलिकॉनची रिंग मिळते. डॉक्टर माप पाहून ती आत बसवतात, ती अंगाला खालून आधार देते. ती घालून चालता आले, उकिडवे बसता आले, लघवी झाली आणि रिंग जाणवली नाही, म्हणजे माप बरोबर. सुरुवातीला काही आठवड्यांत आणि पुढे तीन ते सहा महिन्यांनी काढून, धुऊन, आत कुठे घासले नाही ना ते पाहून परत घालायची. काहीजणी हे घरीच शिकतात. मात्र रिंग घालून विसरून जाणे धोक्याचे. विसरलेली रिंग आत रुतून बसते.

ऑपरेशनला माझा विरोध नाही. उलट या विषयात मराठी मुलखाचे नाव जगात आहे. गोव्याचे डॉ. वि. ना. शिरोडकर आणि मुंबईचे डॉ. बी. एन. पुरंदरे यांनी गर्भाशय न काढता ते वर बांधून ठेवण्याच्या शस्त्रक्रिया बसवल्या, कारण तरुण बाईला पुढे मूल हवे असते. आणि आज काय ऐकू येते? "पिशवी काढून टाका, कटकट नको." बीड जिल्ह्यात २०१९ साली ऊसतोडणी करणाऱ्या सुमारे ८२ हजार बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. याच बायका हंगामात आपल्या कारखान्यांच्या फडात कोयता घेऊन उभ्या असतात. त्या सगळ्यांचे अंग बाहेर येत होते असे नव्हे. पण बाईच्या कंबरेखालच्या कोणत्याही तक्रारीवर एकच उत्तर देण्याची ही सवय भयंकर आहे. शिवाय पिशवी काढली तरी झोळी सैलच राहिली, तर पुढे लघवीची पिशवी किंवा योनीचा वरचा भाग खाली येतो. ऑपरेशन झोळी सावरण्यासाठी हवे आणि कोणते, हे स्त्रीरोगतज्ज्ञाने समजावून सांगितले पाहिजे. विचारायचा हक्क तुमचा आहे.

काही बाबतींत मात्र घरी बसू नका. बाहेर आलेल्या भागावर जखम, रक्त, घाण वास, ताप, लघवी अडणे, किंवा अंग बाहेर अडकून सुजणे. यांतले काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पैशाची अडचण असेल तर सीपीआरची पायरी चढा.

माझ्या व्यवसायबंधूंना एकच विनंती. चाळिशीच्या पुढची बाई पांढरे जाणे, कंबर, खाज किंवा लघवी यांपैकी काही घेऊन आली तर "खाली काही येतं का?" एवढे विचारा. हवे तर सिस्टरला विचारायला सांगा. पाच सेकंद लागतात. प्राथमिक आरोग्य केंद्रांत रक्तदाबाच्या गोळ्यांसारखीच दोन-तीन मापांची रिंग आणि ती बसवायला शिकलेली एक नर्स असावी, ही मागणी फार मोठी नाही. आणि घरातल्या पुरुषांनी, बायको किंवा आई उकिडवी बसायचे टाळू लागली, लग्नकार्याला जायचे टाळू लागली, तर ती नखरे करते असे समजू नये.

आक्कांना मी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी जखमेचा तुकडा तपासून घेतला, काही वाईट निघाले नाही. मलम आणि विश्रांतीने जखम भरल्यावर त्यांना रिंग बसवली. ऑपरेशन त्यांना नको होते आणि तज्ज्ञांनीही घाई केली नाही. विश्रांतीच्या त्या दिवसांत म्हशींच्या धारा थोरल्या मुलाने काढल्या. पहिल्यांदाच, असे सुनेने हळूच सांगितले. दिवाळीआधी आक्का तपासणीला आल्या त्या एकट्या नव्हत्या. बरोबर गल्लीतल्या दोघीजणी होत्या, पदर तोंडाला लावून. आक्काच म्हणाल्या, "डाक्टर, आता इचारा ह्यास्नी."