पंचवीस हजारांत लॅपटॉप, बोला!

नांदूरघाटहून चुलतभावाचा फोन. ‘‘दादा, २५ हजार आहेत, सोयाबीनचे. कोणता लॅपटॉप घेऊ?’’ सोयाबीनचे म्हटल्यावर चेष्टा बंद! दुकानदार चकाचक नवा दाखवणार, आत रॅम जेमतेम ४ जीबी. त्यापेक्षा कंपन्यांनी वापरून काढलेला थिंकपॅड किंवा लॅटिट्यूड बघ म्हटलं. दिसायला मास्तरासारखा, पण दणकट! प्रोसेसर इंटेलचा असेल तर आठव्या जनरेशनच्या खालचा नकोच. त्या जुन्यांपैकी बहुतेकांना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. रॅम ८ जीबी, एसएसडी मस्ट. बॅटरी मात्र दुकानातच चार्जर काढून अर्धा तास चालव. गावात लाइट गेल्यावर कळून काय उपयोग? वॉरंटी पक्क्या बिलावर लिहून घे. रंग? काळाच मिळणार, राजा!