रक्तवाहिनी उघडली, पण अंगठ्याला प्राणवायू मिळाला का?

बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ९८ टक्के दाखवतो आणि त्याच रुग्णाच्या पायाचा अंगठा काळा पडत असतो. यात विसंगती नाही. करोनाकाळात घराघरांत पोहोचलेले हे यंत्र रक्तात प्राणवायू किती आहे ते सांगते. ते रक्त अंगठ्यापर्यंत पुरेसे पोहोचते का, हे नाही.

मधुमेहींच्या गुडघ्याखालील रक्तवाहिन्यांत चुना साठून त्या कडक होतात, आतून बुजतात. घोट्याजवळ मोजलेला रक्तदाबही मग फसवा, कधी चक्क जास्त येतो. अँजिओप्लास्टी किंवा बायपासने वाट मोकळी केली आणि पडद्यावर वाहिनी भरलेली दिसली की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. तो बरेचदा घाईचा असतो. पावलाला रक्त देणाऱ्या मुख्य वाहिन्या तीन, प्रत्येकीचा इलाका वेगळा. उघडली एक आणि जखम दुसरीच्या इलाक्यात असली, तर चित्र सुंदर आणि जखम तशीच.

म्हणून जखमेजवळच्या ऊतींतला प्राणवायू मोजायला हवा. त्वचेवर चिकटवलेला सेन्सर ती जागा सुमारे ४४ अंशांपर्यंत तापवून प्राणवायूचा दाब टिपतो. आकडा ३० मिलिमीटर पाऱ्याच्या खाली असेल तर जखम भरण्याची आशा कमी. मात्र एका मोजणीला १५-२० मिनिटे लागतात आणि अँजिओप्लास्टीनंतर हा आकडा तीन-चार आठवडे हळूहळू चढत राहू शकतो. शस्त्रक्रिया चालू असताना त्यापेक्षा तळपायावरचा अवरक्त प्रकाशाचा सेन्सर सोयीचा. तो क्षणाक्षणाचा बदल दाखवतो. किती वाढ झाली म्हणजे थांबावे, यावर तज्ज्ञांचे एकमत व्हायचे आहे. तरी नुसत्या डोळ्यांच्या अंदाजापेक्षा हे बरे.

ठाणे-कल्याण पट्ट्यात प्रश्न शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यांचा आहे. पाय मुंबईच्या केईएम किंवा जे.जे. रुग्णालयात वाचवला, तरी ड्रेसिंगसाठी दिवसाआड गर्दीच्या लोकलने तिकडे जाणे अशा रुग्णाला झेपणारे नाही. त्याला जवळचे म्हणजे कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई किंवा डोंबिवलीचे शास्त्रीनगर. बोट कापून भागेल की पाऊल, हा निर्णयही याच काळात येतो. तेव्हा महापालिकांनी मोजणीचे यंत्र या ड्रेसिंगच्या खोल्यांतही ठेवावे. आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयाने डिस्चार्ज कार्डावर ‘रक्तप्रवाह चांगला’ एवढेच न लिहिता आकडा, तारीख आणि पावलावरची नेमकी जागा लिहावी. त्याशिवाय डोंबिवलीतल्या डॉक्टरने तुलना करायची कशाशी?