हरभरा पेरण्याआधी मुगाची मुळे पाहा

मूग-उडदाची तोडणी संपत आली. आता रोटाव्हेटर फिरेल आणि त्याच रानात हरभरा पडेल. त्याआधी एक काम कराच. जिथे पीक खुजे, पिवळे राहिले, ओल असूनही दुपारी माना टाकत होते, तिथली चार-पाच झाडे खुरप्याने उकरून काढा. उपटू नका, बारीक मुळ्या मातीतच तुटतात. मग बादलीत हलक्या हाताने धुवा.

धुतलेल्या मुळांवर दोन तऱ्हेच्या गाठी दिसू शकतात. रायझोबियम या उपयुक्त जिवाणूची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते, नखाने सहज सुटते. हिरव्या पिकात ती आतून गुलाबी असते, पीक पिकले की तपकिरी होते. मुळे पोखरणाऱ्या सूत्रकृमीची गाठ मात्र सुटत नाही, कारण तिथे मूळच फुगलेले असते. अशी रोगट मुळे पाहून ‘गाठी छान धरल्यात’ असे समाधान मानले जाते, याचे फार वाईट वाटते. सूत्रकृमीची एक मादी २०० ते ५०० अंडी घालते आणि उबदार जमिनीत महिनाभरात पुढची पिढी उभी राहते. सूत्रकृमीने पोखरलेल्या मुळांत मर रोगाची बुरशी सहज शिरते. आपण औषध देतो ते बुरशीला, सूत्रकृमी तशीच राहते.

सूत्रकृमीवर पूर्वी वापरल्या जाणाऱ्या फोरेटवर २०२० अखेर बंदी आली. इतके जहाल विष शिवारातून गेले, हे चांगलेच झाले. आता त्याऐवजी जिवाणू वापरा. स्युडोमोनास फ्लुरोसन्स आणि बॅसिलस सबटिलिस हे जिवाणू कोवळ्या मुळांवर आधी ठाण मांडतात, सूत्रकृमीच्या पिल्लांना घातक द्रव्ये सोडतात आणि झाडाची प्रतिकारशक्तीही जागी करतात. स्युडोमोनासची भुकटी किलोभर बियाण्याला १० ग्रॅम चोळा. शिवाय हेक्टरी अडीच किलो भुकटी कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून पेरणीआधी मातीत द्या. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी. बियाणे सावलीत सुकवा, लगेच पेरा.

एका हंगामात रान स्वच्छ होणार नाही. सूत्रकृमींची संख्या घटेल, रोपाला पहिले नाजूक दिवस निभावता येतील, आणि हे दरवर्षी करावे लागेल. मुळे सूत्रकृमीच्या गाठींनी भरलेलीच असतील तर तिथे यंदा हरभरा नकोच, ज्वारी घ्या.

कृषी सेवा केंद्रचालकांनो, पुड्यात जिवंत जिवाणू आहेत. ते उन्हात ठेवू नका, मुदत संपलेला पुडा कुणाच्या हाती देऊ नका.

शंका असेल तर मुळांजवळची ओलसर माती मुळांसकट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा, उन्हापासून जपा आणि याच आठवड्यात जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात न्या.