गरिबाच्या लेकराची कूस का चिरायची?

पोटात कळ येऊन लेकरू गडबडा लोळते, लघवीतून रक्त जाते, आणि वस्तीवर मात्र जंत, उष्णता, नजर अशी निदाने चालू राहतात. मुतखडा हा मोठ्यांचा आजार, ही समजूत खोटी आहे. एकेकाळी युरोपातही गोरगरिबांच्या मुलांच्या मूत्राशयात खडे होत. दूध व सकस अन्न मिळू लागले तसे ते कमी झाले. म्हणजे खड्यालाही वर्ग असतो! आणि आपल्याकडे? ज्या वस्तीचे डोळे टँकरच्या वाटेकडे लागलेले, ज्या शाळेत धड मुतारी नाही म्हणून मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, तिथे खडा धरायला आणखी काय हवे? चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ साली झाला. पाण्याचा हिशेब अजून बाकी आहे.

विज्ञान मात्र कुठल्या कुठे गेले. पाठीतून छिद्र पाडून मूत्रपिंडातील खडा काढण्याची शस्त्रक्रिया १९७६ साली स्वीडनमध्ये प्रसिद्ध झाली. मोठ्यांसाठी हे छिद्र आठ ते दहा मिलिमीटरचे असते. लहानग्याच्या इवल्या मूत्रपिंडाला ते कसे सोसावे? म्हणून नळ्या बारीक होत गेल्या. २०११ साली आपल्या शेजारच्या गुजरातेतील नडियादच्या मूत्ररोग रुग्णालयातील डॉ. महेश देसाई व सहकाऱ्यांनी जेमतेम दीड मिलिमीटरच्या सुईतून खडा पाहून फोडण्याचे तंत्र मांडले. मुलांचा खडा पुन्हा होण्याची भीती मोठी; दरवेळी कूस चिरायची तर त्या देहाचे काय उरेल? काही थोड्या मुलांना मोठी चीर अजूनही लागते, हे आम्ही नाकारत नाही. पण बारीक दुर्बीण नाही म्हणून चीर, हे आम्हाला मान्य नाही.

महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाच्या जन आरोग्य योजनेत दुर्बिणीची मुतखडा शस्त्रक्रिया आहे. परंतु यादीत नाव असणे वेगळे आणि ऊसतोड कामगाराच्या पोराला ती बारीक दुर्बीण, मुलांना भूल देणारा तज्ज्ञ वेळेवर मिळणे वेगळे. जनतेचे आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य असल्याचे संविधानाचे कलम ४७ सांगते. मग प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात ही सोय का नसावी? शाळेच्या आरोग्य तपासणीत लघवीची तक्रार का विचारू नये?

आणि पालकांनो, शस्त्रक्रियेनंतर गप्प घरी येऊ नका. काढलेला खडा तपासायला पाठवला का, रक्त-लघवीच्या चाचण्या कधी, पोराने रोज किती पाणी प्यायचे, हे डॉक्टरांना विचारा आणि लिहून घ्या.