हंड्रेड पर्सेंट कॉटन

शर्ट घेताना आपण कॉलरमागचं लेबल बघतो. ‘हंड्रेड पर्सेंट कॉटन’ दिसलं की खूश! ब्रँड कोणता, डिस्काउंट किती, सगळी चौकशी होते. त्या कापसावर फवारणी कोणी केली, हे मात्र कुणी विचारत नाही. मला तो प्रश्न यवतमाळने विचारायला लावला.

2017 च्या पावसाळ्यात या जिल्ह्यात पऱ्हाटी डोक्याइतकी वाढली होती. पाठीवर पंप घेऊन आत शिरलं की औषध थेट तोंडावर. यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजात शेकडो जण दाखल झाले, जिल्ह्यात किमान 20 जण गेले. त्यात शेतकरी होते, तसे रोजाने फवारणीला जाणारे मजूरही होते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने राज्य सरकारला नोटीस काढली.

तुम्ही म्हणाल, कायदा नव्हता का? होता की! कीटकनाशक कायदा 1968 चा, नियम 1971 चे. फवारणाऱ्याला संरक्षक कपडे हवेत, त्याची डॉक्टरी तपासणी हवी, असं त्यात लिहिलंय. आपल्याला हेल्थ चेकअपचा मेल एचआर पाठवतं. मजुराला कोण पाठवणार? तो आज या शेतात, उद्या त्या.

बरं, विषबाधा झाल्यावर राज्य सरकारने औषधावर बंदी घालायची म्हटली, तर या कायद्याच्या कलम 27 प्रमाणे मुदत फक्त 60 दिवस. चौकशी लांबली तर आणखी 30. आणि मदत? शेतकऱ्यांच्या अपघात योजना सातबारा मागतात. ज्याच्याकडे जमीनच नाही, त्याने तो आणायचा कुठून?

म्हणूनच 2020 मध्ये यवतमाळच्या 51 कुटुंबांची तक्रार थेट स्वित्झर्लंडला पोचली, तिथल्या एका बड्या कंपनीविरुद्ध. कंपनीने जबाबदारी नाकारली. पण न्याय मागायला इतक्या लांब जावं लागतं, यातच आपल्या कायद्याचं प्रगतिपुस्तक आलं.

कायदा बदलायची विधेयकं 2008 आणि 2020 मध्ये राज्यसभेत मांडली गेली. अशा कुठल्याही विधेयकात मी दोनच गोष्टी शोधते. सातबारा असो-नसो, फवारताना विषबाधा झालेल्याला हक्काची भरपाई मिळणार का? आणि ती देण्याचा भार औषध विकून नफा कमावणाऱ्यावर पडणार का? हेच दोन प्रश्न आपापल्या खासदाराला मेल करा. लंच ब्रेकमध्ये होणारं काम आहे.