एक जपानी विशेषण

जपानी भाषेत 'नात्सुकाशी' असे एक विशेषण आहे. जुने गाणे कानी पडले, शाळासोबती फार वर्षांनी भेटला, लहानपणीचा खाऊ जिभेला लागला, की जपानी माणूस एवढा एकच शब्द उच्चारतो आणि थांबतो. कर्ता नाही, क्रियापद नाही. कोशात 'प्रिय आठवण जागवणारे' असा त्याचा अर्थ मिळतो. पण ही भाषा शिकता शिकता माझे मत असे बनले आहे की, अशा शब्दाचे मर्म कोशापेक्षा व्याकरणात अधिक सापडते.

आपले 'चांगला' लिंगवचनानुसार बदलते. जपानी विशेषण काळानुसार बदलते. 'नात्सुकाशी'चे भूतकाळी रूप 'नात्सुकाशिकात्ता'. तथापि तीस वर्षांपूर्वीचे गाणे ऐकतानाही उद्गार निघतो तो वर्तमानकाळीच. गाणे जुने, पण जिव्हाळा आत्ताचा! मूळ क्रियापद 'नात्सुकु', म्हणजे लळा लागणे. आठव्या शतकातील 'मान्योश्यू' या काव्यसंग्रहात या विशेषणाचा अर्थ 'जवळ असावेसे वाटणारे' असा आहे. आठवणीची छटा मागाहून आली. म्हणून 'गेले ते दिवस' हा सुस्कारा त्यात मुख्य नाही, लळा मुख्य आहे.

याहून मोलाचा नियम पुढेच आहे. रोजच्या बोलण्यात हे विशेषण ज्याने त्याने स्वतःपुरते वापरायचे. दुसऱ्याविषयी विधान करायचे तर 'गारु' हा प्रत्यय लावून 'नात्सुकाशिगात्ते इरु' म्हणावे लागते. म्हणजे 'त्याला तसे वाटते आहे, असे त्याच्या वागण्यावरून दिसते'. दुसऱ्याच्या मनातले आपण दिसण्यापुरतेच सांगावे, फार तर त्याला विचारावे.

हा नियम आपल्या घरांतही यावा असे मला वाटते. पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेले आपण मूळ गावाची, जुन्या वाड्याची, संस्थानी काळाची आठवण काढतो, ते योग्यच. पण नातवंडांनाही तीच ओढ असली पाहिजे, असे आपण त्यांच्या वतीने ठरवून टाकतो आणि ती दिसली नाही की रुसतो. ज्याचा लळाच लागला नाही, त्याची आठवण कोठून येणार? आपण आपल्यापुरते 'नात्सुकाशी' म्हणावे आणि मुलांना आज लळा लागेल असे काही, एखादे पुस्तक, एखादा सण, घरातले मोकळे मराठी बोलणे, त्यांच्या हाती द्यावे. पुढे आठवण काढायची की नाही, ते त्यांचे त्यांनी ठरवावे.