भरीव शाफ्टचा हट्ट सोडा

इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला हे गणित बहुतेकांनी सोडवलेले असते. शाफ्टचा आतला व्यास बाहेरच्या व्यासाच्या निम्मा ठेवला, तर वजन 25 टक्के घटते; पीळ सोसण्याची ताकद मात्र जेमतेम सव्वासहा टक्के. पिळाचा ताण पृष्ठभागाकडे सर्वाधिक असतो, गाभ्यातले पोलाद जवळपास फुकटच फिरते. तरीही भरीव बार आणायचा, लेथवर चढवून पोखरायचा आणि विकत घेतलेले पोलाद भंगारात घालायचे, हे अजून चालूच आहे.

सुरुवातच नळीपासून करता येते. हायड्रोफॉर्मिंगमध्ये नळी दोन भागांच्या डायमध्ये ठेवतात, प्रेस मिटते, दोन्ही टोके पंच बंद करतात आणि आत पाणी-तेलाचे मिश्रण भरून दाब हजारो बारपर्यंत चढवतात. नळी फुगून डायचा आकार घेते. कसब पुढेच आहे. फुगताना भिंत पातळ पडू नये म्हणून पंच टोकांकडून धातू आत ढकलत राहतात. दाब पुढे धावला की नळी फुटते; पंच पुढे धावले की तिला सुरकुत्या पडतात.

कॅमशाफ्टमधली करामत मला सर्वांत आवडते. तयार कॅम नळीवर ओवायचे, नेमक्या कोनात धरायचे आणि नळी आतून फुगवायची. नळी कायमची फुगते. कॅम मात्र किंचित ताणला जातो आणि दाब उतरताच मागे येऊ पाहत नळीला आवळून धरतो. वेल्डिंग लागत नाही. झीज सोसणारा कॅम कठीण पोलादाचा, नळी साध्या पोलादाची.

इलेक्ट्रिक गाड्यांत कॅमशाफ्ट नसतो, मग आता हे कशाला, असे कुणी म्हणेल. पण मोटरच्या रोटरलाही शाफ्ट लागतो आणि काही मोटरींत तो पोकळ ठेवून त्यातून थंड करणारा द्रव खेळवतात.

खरी अडचण भांडवलाची. 30 मिमी व्यासाच्या, 400 मिमी लांबीच्या नळीत 2000 बार दाब दिला, तर डाय नुसती मिटलेली ठेवायला सुमारे 245 टन जोर लागतो. अशी प्रेस भोसरीतल्या लहान कारखानदाराने एकट्याने घ्यावी, हे म्हणणे अन्यायाचे आहे. मात्र लघुउद्योग समूहांना सामाईक सुविधा केंद्रासाठी केंद्र सरकारची योजना आहे. पिंपरी-चिंचवडच्या आणि कॅमशाफ्ट ओतण्यात नाव कमावलेल्या सोलापूरच्या उद्योजक संघटनांनी त्या योजनेतून हायड्रोफॉर्मिंग प्रेसचा प्रस्ताव द्यावा. सुटे भाग पुरवणाऱ्या वाचकांनी आपल्या संघटनेच्या पुढच्या बैठकीत हा विषय जरूर मांडावा.